पटावर ४१२, पोर्टलवर ३७१ : शाळेतल्या मंजूर पदांविषयी तुमचे प्रश्न

गेल्या अंकात हायस्कूलमधल्या शिक्षक आणि शिक्षकेतर पदांविषयी प्रश्न मागवले होते. मुख्याध्यापकांनी, शिक्षकांनी, पालकांनी भरभरून पाठवले. वाचण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. ‘शाळेत शिक्षक किती?’ या एका प्रश्नाला तीन वेगळी उत्तरं असतात : मंजूर पदं (दरवर्षीच्या संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून पदं ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, मिळालेली), कार्यरत म्हणजे भरलेली पदं आणि आज दुसऱ्या तासिकेला प्रत्यक्ष वर्गावर उभी असलेली माणसं. बहुतेक भांडणं हे तीन आकडे एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

प्रश्न : आमची अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. ३० सप्टेंबरला हजेरीपटावर ४१२ मुलं होती. संचमान्यतेत ३७१ धरली गेली आणि एक पद कमी झालं. एकही मूल शाळा सोडून गेलेलं नाही. मग ४१ मुलं गेली कुठं? आता काय करता येईल? (मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा)

मुलं वर्गातच आहेत, फक्त मोजली गेलेली नाहीत. संचमान्यता हजेरीपटावरून होत नाही. त्या तारखेला शासनाच्या विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवर तुमच्या शाळेच्या खात्यात असलेली आणि आधार जुळलेली मुलंच धरली जातात. हजेरीपट हा तुमचा पुरावा आहे, पण पदांचा आकडा त्यातून निघत नाही.

पहिलं काम म्हणजे तीन याद्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवणं : हजेरीपट, जनरल रजिस्टर (प्रवेशांची कायमची नोंदवही) आणि पोर्टलवरून काढलेली तुकडीनिहाय यादी. एकूण बेरीज जुळवत बसू नका, तुकडीवार जुळवा. आठवी ‘अ’मध्ये हजेरीला ३८ आणि पोर्टलवर ३३ असतील तर ती पाच नावं लाल पेनानं लिहून काढा. सगळ्या तुकड्यांची अशी नावं निघाली की त्यांचे ढीग करा. ढीग साधारण पाचच पडतात.

सगळ्यात मोठा ढीग आधार न जुळलेल्यांचा. इथे बोटांचे ठसे तपासले जात नाहीत. नाव, लिंग आणि जन्मतारीख एवढंच ताडून पाहिलं जातं. वैष्णवीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधारवर एक ‘ए’ जास्त आहे, कुणाचं आडनाव शाळेत आधी आणि आधारवर शेवटी आहे, कुणाच्या आधारवर फक्त जन्मवर्ष असल्यानं तारीख १ जानेवारी धरलेली आहे. एवढ्यावर मूल गळतं. पोर्टलवर तुमच्याच कारकुनानं घाईत चुकीचं टाइप केलं असेल तर ती दुरुस्ती पाच मिनिटांची. म्हणून आधी तेच तपासा, पालकांना आधार केंद्रावर पिटाळू नका. चूक आधारवर असेल तर जन्मदाखला घेऊन पालकांनी आधार दुरुस्त करायचं. आधारवर जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा, तेव्हा जन्मदाखला आणि रजिस्टर आधी एकमेकांशी जुळतात ना ते बघूनच पालकांना पाठवा. आणि उलटा उद्योग कधीही करू नका : आधारशी जुळावं म्हणून जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड. रजिस्टरमधला बदल शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेशिवाय करता येत नाही, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच नाव, तीच तारीख छापून येते. शाळा सोडल्यानंतर ती चूक निस्तरताना त्या मुलाची दमछाक होते.

दुसरा ढीग अडकलेल्या बदल्यांचा. पाचवीत आणि आठवीत जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलं घोळक्यानं येतात. तुम्ही पोर्टलवर मागणी पाठवता, जुन्या शाळेनं ती मान्य करायची असते. त्यांचाही पट पणाला लागलेला असतो, त्यामुळे हात आखडतो. मागणी पाठवल्याची तारीख टिपून ठेवा आणि आठवडाभरात मान्यता आली नाही तर केंद्रप्रमुखांना लेखी द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला तात्काळ देणं मुख्याध्यापकावर बंधनकारक आहे, विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हे वाक्य पत्रात एकदा लिहिलं की सहसा पुढचं पत्र लिहावं लागत नाही.

उरलेले तीन ढीग लहान असतात पण डोकेदुखीचे. एकच आधार दोन शाळांत नोंदलेलं मूल. माध्यम किंवा अनुदानाचा प्रकार चुकीचा टाकल्यामुळे अनुदानित तुकडीतून स्वयंअर्थसहाय्यित तुकडीत जाऊन बसलेलं मूल (हे चुकवणं सोपं आणि शोधणं कठीण, कारण शाळेची एकूण बेरीज बरोबरच दिसते). आणि आधारच नसलेलं मूल.

आता गेलेल्या पदाविषयी. शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे दुरुस्तीचा लेखी प्रस्ताव द्या. ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं पानभर लिहून काही होत नाही. ४१ नावांचा तक्ता लागतो : रजिस्टर क्रमांक, इयत्ता-तुकडी, न धरण्याचं कारण, केलेली दुरुस्ती आणि तिची तारीख. सोबत ३० सप्टेंबरच्या हजेरीची साक्षांकित प्रत आणि पोर्टलच्या दुरुस्त यादीची प्रत. प्रस्तावाची पोच घ्या, आवक क्रमांकासह.

आणखी एक. एकूण ४१२ या आकड्यावर काहीही ठरत नाही. पाचवी वेगळ्या गटात मोजली जाते, सहावी ते आठवी वेगळ्या, नववी-दहावी वेगळ्या. केंद्राच्या कायद्यातलं सूत्र सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं आहे, शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक. राज्यानं १३ डिसेंबर २०१३, २८ ऑगस्ट २०१५ आणि १५ मार्च २०२४ च्या निर्णयांनी आपले टप्पे ठरवले आणि बदलले. त्यात नवं पद मिळायला लागणारा पट आणि असलेलं पद टिकायला लागणारा पट हे निरनिराळे असू शकतात. म्हणून आधी बघा की तुमची ४१ मुलं कुठल्या गटातली आहेत. त्यातली ३० पाचवीची असतील आणि पद नववी-दहावीचं गेलं असेल, तर सगळी ४१ परत आणूनही ते पद परत येणार नाही.

प्रश्न : नववी-दहावीच्या मिळून चार तुकड्या, १३८ विद्यार्थी. चाळीसला एक या हिशेबानं चार शिक्षक पुरेसे आहेत असं आम्हाला सांगितलं जातं. वेळापत्रक मात्र काही केल्या बसत नाही. चूक कुणाची? (वेळापत्रक विभागप्रमुख, जळगाव)

चूक सूत्राची आहे, तुमची नाही. मुलं मोजली की एक उत्तर येतं, तासिका मोजल्या की दुसरं, आणि शाळा तासिकांवर चालते.

कागद घ्या. समजा आठवड्याला तुकडीमागे ४८ तासिका. मराठी ६, हिंदी ५, इंग्रजी ७, गणित ७, विज्ञान ७, सामाजिक शास्त्रं ६. या झाल्या ३८. उरलेल्या १० मध्ये शारीरिक शिक्षण, जलसुरक्षा, चित्रकला, ग्रंथालय वगैरे. चार तुकड्यांचे होतात १९२. एका शिक्षकाकडे आठवड्याला ३० तासिका धरल्या तर १९२ भागिले ३०, म्हणजे ६.४ शिक्षक. जुन्या निकषात तुकडीमागे दीड शिक्षक असायचा. चार तुकड्यांना सहा. ते ‘दीड’ कुणी हवेतून काढलेलं नव्हतं, हेच गणित त्यामागं होतं.

आता १३८ भागिले ४०, म्हणजे ३.४५, म्हणून चार शिक्षक. या चौघांनी फक्त मुख्य विषय शिकवायचे ठरवले तरी ३८ गुणिले ४, म्हणजे १५२ तासिका. प्रत्येकाला बरोब्बर ३८. ४८ पैकी १० तासिका मोकळ्या, दिवसाला दोनसुद्धा नाहीत. खेळ, चित्रकला, जलसुरक्षेच्या ४० तासिकांना माणूसच नाही. त्यात इंग्रजीच्या बाईंकडे १३८ वह्या. एका वहीला तीन मिनिटं धरली तरी ४१४ मिनिटं, म्हणजे जवळजवळ सात तास. ३५ मिनिटांच्या १२ तासिका लागतील, आणि बाईंकडे मोकळ्या आहेत १०. बदली तासिका एकही लागली नाही असं गृहीत धरून. वह्या का तपासल्या जात नाहीत याचं उत्तर शोधायला वर्गभेट द्यावी लागत नाही.

केंद्राच्या माध्यमिक शिक्षण योजनांचा निकष ३० मुलांमागे एक असा आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३० च्या आतलंच प्रमाण सांगितलेलं आहे. त्यानं तुमच्याकडे पाच शिक्षक येतील. पाचानं १५२ तासिका कशाबशा उरकतात, माणशी तीस-एकतीस.

तोपर्यंत काय करायचं? दोन तुकड्या एकत्र बसवायच्याच असतील तर शारीरिक शिक्षण, जलसुरक्षा, ग्रंथालय इथे बसवा. गणित, इंग्रजी आणि विज्ञानाचे प्रयोग इथे कधीही नाही. सत्तर मुलांसमोर प्रयोगाचं रूपांतर फळ्यावरच्या आकृतीत होतं. सहावी ते आठवीच्या शिक्षकाकडे ३० पेक्षा कमी तासिका असतील आणि त्याचा विषय व पात्रता बसत असेल तर त्याच्या तासिका वर घ्या, पण ते लेखी नोंदवा. आणि वेळापत्रकाबरोबर हा कार्यभार तक्ता जोडूनच पदाची मागणी करा. ‘शिक्षक कमी आहेत’ या वाक्याला फाइलमध्ये वजन नसतं, ‘आठवड्याला ४० तासिका विनाशिक्षक’ या वाक्याला असतं.

प्रश्न : संचमान्यतेत पद कमी झाल्यानं मला अतिरिक्त ठरवलं आहे. माझ्यानंतर लागलेले एक सर मात्र शाळेतच राहिले. हे नियमात बसतं का? (सहशिक्षिका, लातूर)

बसूही शकतं. म्हणून संतापण्याआधी सेवाज्येष्ठता यादी हातात घ्या.

खाजगी शाळांना १९७७ चा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. नियम २६ मध्ये पट किंवा तुकड्या घटल्यामुळे कपात करताना सेवाज्येष्ठता साधारणपणे पाळायची असं आहे, म्हणजे शेवटी आलेला आधी जातो. पण ही ज्येष्ठता प्रवर्गनिहाय असते. प्रशिक्षित पदवीधर, पदविकाधारक, विशेष शिक्षक यांच्या गोळाबेरजेची एकच ओळ नसते. विषयाची गरज आणि आरक्षणाचा बिंदूही (पद कुणासाठी राखीव आहे ते) बघितला जातो. शाळेत गणित-विज्ञानाचा एकच माणूस असेल आणि तो तुमच्यापेक्षा कनिष्ठ असेल, तर त्याला ठेवण्याचं कारण शाळेकडे आहे. ते सर तुमच्याच विषयाचे, तुमच्याच प्रवर्गातले असतील तर मात्र तुमची हरकत ठाम आहे.

हरकत संस्थेला लेखी द्या आणि ज्येष्ठतेचा वाद असल्याचं त्यात स्पष्ट लिहा; नियम १२ प्रमाणे असा वाद निर्णयासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. दरवर्षी फिरणाऱ्या ज्येष्ठता यादीवर तुम्ही ‘पाहिले’ अशी सही करून मोकळ्या झाला असाल तर ती सही तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. पुढच्या वर्षीपासून सहीपूर्वी नेमणुकीची तारीख, पात्रता मिळवल्याची तारीख आणि प्रवर्ग हे तीन रकाने वाचा. ज्येष्ठता तिथेच घसरते : बी.एड. नंतर झालेलं असताना नेमणुकीची तारीख धरली जाते, किंवा उलट.

सेवा संपुष्टात आणणारा किंवा पदावनतीचा आदेश हातात पडला तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत ३० दिवस आहे. तोंडी आश्वासनांवर हे ३० दिवस घालवू नका. समायोजनाचा आदेश ही वेगळी गोष्ट. त्यात नोकरी जात नाही, शाळा बदलते. आधी त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत आणि तिथे जागा नसेल तर जिल्ह्यातल्या इतर अनुदानित शाळेत. आदेशाप्रमाणे रुजू होण्यास नकार दिला की पगार थांबण्याची वेळ येते. रुजू व्हा आणि हरकत चालू ठेवा.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. शाळेत ८०० मुलं आणि समुपदेशक एकही नाही. ‘तसं पदच मंजूर नाही’ असं शाळा म्हणते. खरं आहे का? (पालक, नाशिक)

संचमान्यतेच्या पत्रकात समुपदेशकाचा रकाना शोधलात तर सापडणार नाही, तेवढ्यापुरतं शाळेचं म्हणणं खरं. पण गोष्ट तिथे संपत नाही. आंध्र प्रदेशातल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं बाल-किशोर मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं. कायदा होईपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक आहेत. शाळेला पूर्ण पगाराचं पद परवडत नसेल तर आठवड्याला दोन दिवस येणारी प्रशिक्षित व्यक्ती चालू शकते, कारण ‘सेवा घेणं’ हा पर्याय तिथे दिलेला आहे.

होतं काय, तर शाळा एखाद्या प्रेमळ शिक्षिकेला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवते आणि दारावर ‘समुपदेशन कक्ष’ पाटी लावते. हेतू चांगला असतो, पण व्यवस्था फसते. तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यासमोर दहावीचा मुलगा मनातलं बोलत नाही. शिवाय त्या बाईंच्या ३० तासिका तशाच राहतात. मूल रडत येतं तेव्हा बाई सातवी ‘ब’वर असतात. म्हणून शाळेला तीन गोष्टी विचारा. समुपदेशक कोणत्या वारी, किती वाजता, कुठल्या खोलीत बसतो? ती खोली शिक्षकखोलीतून दिसते का? नोंदी कुणाच्या कपाटात, कुणाच्या किल्लीत असतात? उत्तरं गोलगोल आली की समजायचं, समुपदेशन पाटीपुरतं आहे.

गुप्ततेला एक मर्यादा आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिथे ‘शाळेची अब्रू’ किंवा ‘मुलाला वचन दिलं’ ही सबब चालत नाही. महाराष्ट्रात शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्या सदस्यांची नावं दर्शनी भागात लावलेली आहेत का, तेही बघा.

आणि मुलाला आजच गरज असेल तर समितीची वाट पाहू नका. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८ हे दोन्ही क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहेत.

प्रश्न : मुलीला वाचन-अक्षमता असल्याचं खाजगी तज्ज्ञांनी सांगितलं. आठवीत आहे. शाळा म्हणते, विशेष शिक्षक ‘केंद्राचे’ आहेत, महिन्यातून एकदा येतात. एवढ्यानं भागेल? (पालक, रत्नागिरी)

भागणार नाही, पण शाळा खोटंही बोलत नाही. राज्यानं ऑक्टोबर २०२४ मध्ये समूहसाधन केंद्रांच्या (आसपासच्या शाळांच्या गटांच्या) पातळीवर दिव्यांग मुलांसाठीच्या विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण केली, म्हणजे केंद्रामागे एक. एका केंद्रात बारा शाळा धरल्या आणि महिन्याचे कामाचे दिवस चोवीस धरले तर प्रत्येक शाळेच्या वाट्याला महिन्याला दोन दिवस येतात, तेही बैठका आणि अहवाल वगळले तर. केंद्र शासनाचं प्रमाण प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक असं आहे. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये राज्यांना या प्रमाणानुसार पदं मंजूर करून भरायला सांगितलं. केंद्रामागे एक आणि पंधरा मुलांमागे एक यांत किती अंतर आहे, ते तुमच्या केंद्रातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांची यादी मागून बघा.

तुमच्या हातात आत्ता जे आहे ते करा. खाजगी अहवाल बोर्डाच्या सवलतीसाठी सहसा पुरत नाही. शासनमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीव, केईएम, नायर अशा रुग्णालयांत ते काम होतं, पण तपासण्यांच्या तारखा लांबच्या मिळतात, म्हणून दहावीपर्यंत थांबू नका. आठवीतच प्रक्रिया सुरू करा, नववीत कागद हातात यायला हवा. दहावीत तासामागे २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, आणि त्याच्याबरोबर वाचून लिहून घ्यायचा सराव किमान पाच-सहा पेपरांचा हवा. पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्येच भेटलेला लेखनिक मदतीपेक्षा गोंधळ जास्त करतो.

वर्गशिक्षकांना एवढंच सांगा : मोठ्यानं वाचायला उभं करू नका, फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ द्या, तोंडी उत्तरावर गुण द्या. याला कुठलंही पद मंजूर करून घ्यावं लागत नाही.

प्रश्न : शाळेत शिपाई एकच उरला, ग्रंथपाल नाही, प्रयोगशाळेला कुलूप. शिक्षकेतर पदांसाठी काही निकष तरी आहेत का? (शिक्षकेतर कर्मचारी, कोल्हापूर)

आहेत, आणि ते शिक्षकांच्या निकषांहून कडक आहेत. लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक यांचा आकृतिबंध (कुठली पदं किती याचा आराखडा) २८ जानेवारी २०१९ च्या निर्णयात आहे. चतुर्थ श्रेणीचं चित्र ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयानं बदललं : शिपाई निवृत्त झाला की ते पद पुन्हा नियमित वेतनावर भरलं जात नाही, शाळेला शिपाई भत्ता मिळतो आणि त्यात माणूस ठेवायचा. त्या भत्त्यात पूर्ण दिवसाचा माणूस टिकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. परिणाम असा की घंटा विज्ञानाचे सर देतात आणि प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्या खिशातच राहते. शाळेनं निदान एवढं करावं : भत्त्यातल्या माणसाचं काम लेखी वाटून द्यावं, आणि सकाळचे दोन तास स्वच्छतागृहं व पाणी यांच्यासाठीच राखावेत. बाकीचं काम दुपारपर्यंत थांबू शकतं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी नववीत गेली. शाळेच्या अंदाजपत्रकात ‘समुपदेशक ४.६ एफटीई’ असं लिहिलं आहे. ०.६ माणूस म्हणजे काय? आणि प्रमाण १२ मुलांमागे एक शिक्षक लिहिलेलं असताना तिच्या वर्गात २६ मुलं कशी? (पालक, एडिसन)

एफटीई म्हणजे पूर्णवेळ कामाच्या तुलनेतलं माप. ०.६ म्हणजे आठवड्यातले पाचांपैकी तीन दिवस, किंवा रोजचा तेवढा वेळ. आपल्याकडच्या ‘अर्धवेळ’ पदासारखंच, फक्त दशांशात. त्यामुळे ४.६ वाचलं की पाच माणसं धरू नका. तो पाचवा कुठल्या दिवशी नसतो ते विचारा. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक अशी आहे. शाळेचा पट ४.६ नं भागा आणि स्वतःच बघा.

बारास एक हे प्रमाण काढताना विशेष शिक्षक, भाषासहायक शिक्षक, वाचनतज्ज्ञ असे सगळे मोजले जातात, आणि प्रत्येक शिक्षकाला तयारीच्या मोकळ्या तासिका असतात. म्हणून प्रमाण आणि वर्गातली संख्या यांत दुप्पट फरक पडतो. शाळेला प्रश्न विचारताना ‘प्रमाण किती’ असं न विचारता ‘एका इंग्रजी शिक्षकाकडे दिवसाला एकूण विद्यार्थी किती’ असं विचारा. पाच वर्ग गुणिले २५ म्हणजे १२५. निबंध किती बारकाईनं तपासला जाईल ते या आकड्यावरून कळतं. मुलीला विशेष मदत हवी असेल तर विनंती लेखीच द्या, तोंडी विनंतीवर मुदती सुरू होत नाहीत.

प्रश्न : गावातल्या अनुदानित हायस्कूलमध्ये गणिताला सहा महिने शिक्षक नाही. पालक म्हणून नेमकी माहिती कुठून काढायची? (पालक, परभणी)

सुरुवात घरबसल्या करा. यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकलं की पट आणि शिक्षकसंख्या दिसते. तो आकडा ‘कार्यरत’ आहे. मंजूर किती ते तिथे कळत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा, पण अनुदानित शाळेत कायद्यानं ही समिती सल्ल्यापुरती आहे, एवढं लक्षात असू द्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ सांगतं की शासकीय किंवा भरीव शासकीय निधी घेणाऱ्या शाळांत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदं रिकामी असू नयेत. हे आठवीपर्यंत लागू होतं, नववी-दहावीला नाही. आणि पद रिकामं दिसलं म्हणून संस्थेनं ते परस्पर भरावं, तसंही होत नाही; अनुदानित शाळांची शिक्षकभरती पवित्र पोर्टलवरून होते. अर्थात संस्थेनं तिथे जागाच नोंदवली नसेल तर उमेदवार येणार कुठून?

म्हणून शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, अर्जाचा विषय एकच ठेवायचा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. मजकूर साधारण असा ठेवा :

‘सदर शाळेच्या चालू व मागील वर्षाच्या अंतिम संचमान्यतेची प्रत. विषयनिहाय मंजूर व कार्यरत शिक्षकपदांचा तक्ता. गणित विषयाचे पद रिक्त झाल्याची तारीख. सदर पद भरण्यासाठी संस्थेने सादर केलेल्या प्रस्तावाची व पवित्र पोर्टलवरील जाहिरातीची प्रत. त्यावर कार्यालयाने केलेल्या कार्यवाहीची, टिपणीसह, प्रत.’

उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या तिकिटासह. ‘शिक्षक का नेमला नाही?’ असा प्रश्न अर्जात घालू नका. माहिती अधिकारात कागद मागता येतो, कारण विचारता येत नाही, आणि त्या एका ‘का’वर अख्खा अर्ज परत येतो. प्रस्तावाची प्रत मागा. प्रस्ताव गेलाच नसेल तर तसं लेखी कळेल.